क्लॉनमॅकनॉइजच्या पडक्या भिंती कशा वाचायच्या
(डब्लिनमधल्या मराठी मंडळींच्या सहलीआधी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रविवारी क्लॉनमॅकनॉइजच्या जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष पाहायला बसमध्ये बसायच्या आधी थोडी तयारी व्हावी म्हणून मला बोलायला सांगितलंय. माझा धंदा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा. इतिहासकार मी नाही. त्यामुळे राजे आणि संत ओघात येतील तेवढे येतील, पण माझी नजर दगड, चुना आणि छपराकडेच जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे पडकं देऊळ किंवा पडका वाडा दिसला की गाडीतून उतरता उतरता पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे पाडलं कोणी? उत्तरात एखादं नाव मिळालं की आपलं समाधान होतं आणि आपण फोटो काढायला मोकळे. आयर्लंडमध्येही तेच चालतं. भिंतीला छप्पर दिसलं नाही की इथली माणसं क्रॉमवेलचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्रज सेनापतीचं, किंवा व्हायकिंग या समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंचं नाव घेऊन मोकळी होतात. क्लॉनमॅकनॉइजला ही उत्तरं पुरत नाहीत. तिथे इतक्या जणांनी, इतक्या वेळा आणि इतक्या कारणांनी पाडापाडी केली आहे, आणि दर वेळी कुणी ना कुणी पुन्हा इतकं बांधलं आहे, की मला विचाराल तर उलटा प्रश्न जास्त कामाचा. पुन्हा बांधायचं थांबलं कधी, आणि का?

आधी जागा समजून घेऊ. ऑफली परगण्यात, अ‍ॅथलोनच्या दक्षिणेला, शॅनन नदीच्या पूर्व काठावर हे ठिकाण आहे. आज तिथे पोचल्यावर वाटेल, इतक्या आडबाजूला कुणी मठ कशाला बांधला असेल? चहूकडे सपाट कुरणं, हिवाळ्यात नदी त्यांच्यावर पसरते, आणि त्यापलीकडे मैलोन्‌मैल बॉग, म्हणजे पाय रुतेल अशी दलदल. पण सहाव्या शतकाच्या डोळ्यांनी पाहा. शॅनन म्हणजे देशाच्या मधोमध जाणारा उत्तर-दक्षिण जलमार्ग. आणि हिमयुगात बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने मागे टाकलेला वाळू-खडीचा एक लांबलचक वरंबा, त्याला एस्कर म्हणतात, पूर्वेकडून पश्चिमेकडे दलदलीतून जातो. त्याच्या माथ्यावरून पाय न भिजवता चालता येतं, म्हणून देशाचा मोठा पूर्व-पश्चिम रस्ता त्यावरूनच गेला. हा रस्ता आणि ती नदी जिथे एकमेकांना छेदतात तिथे क्लॉनमॅकनॉइज. आडबाजू कसली, तो आयर्लंडचा भर चौक होता.

याचा पुरावा १९९०च्या दशकात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी नदीच्या तळातून काढला. गाळात ओकच्या खांबांच्या जोड्या रांगेने उभ्या होत्या, शंभर मीटरहून लांब लाकडी पुलाच्या. ओकच्या वर्तुळांवरून झाडं तोडल्याचं साल निघालं ८०४. आयर्लंडच्या किनाऱ्यावर व्हायकिंगांची पहिली धाड नोंदली गेली ७९५मध्ये. म्हणजे समुद्रकाठचे मठ हादरत होते त्याच सुमारास ही मंडळी नदीवर एवढा पूल टाकत होती. घाबरून बसलेल्यांचं हे काम नाही.

मठ स्थापणारा संत किअरान. कारागिराचा मुलगा, बाप रथ बनवायचा असं परंपरा सांगते. साधारण ५४५च्या आसपास तो इथे आला आणि वर्षाच्या आतच साथीच्या रोगात गेला. वय म्हणे ३३. हे वय ख्रिस्ताच्या वयाशी जुळवून घेतलेलं असावं, संतचरित्रांत असं होतंच. पहिली झोपडी उभारताना डिअरमिड नावाच्या राजपुत्राने त्याच्याबरोबर हाताने खांब रोवला आणि पुढे तो राजा झाला, अशी कथा आहे. ही कथा लक्षात ठेवा, पुढे कोरीव दगडी क्रूसापाशी तिची गरज लागेल.

आता आवारात शिरल्यावर गोंधळ होतो तो इथे. आपण एका मोठ्या चर्चच्या अपेक्षेने जातो आणि दिसतात छोटी छोटी अनेक. एक कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, आणि बाकीची टेंपल किअरान, टेंपल फिनीन, टेंपल री, टेंपल कॉनर, टेंपल डाउलिंग. टेंपल म्हणजे इथे चर्चच. जुन्या आयरिश मठांची रीतच ही होती. माणसं वाढली म्हणून चर्च मोठं करायचं नाही, शेजारी दुसरं बांधायचं. एक संताच्या समाधीचं, एक राजघराण्याचं, एक स्त्रियांचं. कॉनर, केली अशी घराण्यांची नावं चर्चना चिकटलेली दिसतात, त्यामागे देणग्या आहेत, मान आहेत आणि दफनाचे हक्क आहेत.

सगळ्यात जुनी बांधकामं लाकडाची होती, त्यातलं काही उरलेलं नाही. पण कॅथीड्रलच्या कोपऱ्यांकडे नीट पाहा. लांबीच्या भिंती कोपऱ्यावर थांबत नाहीत, आडव्या भिंतीच्या पुढे थोड्या बाहेर येतात, जणू कुणी मोजायला चुकलं. हा दोष नाही. लाकडी चर्चमध्ये कोपऱ्यातले जाड खांब छपराची कड पेलायचे. गवंड्याने दगडात बांधतानाही तो आकार सोडला नाही. भाजे-कार्ल्याच्या चैत्यांत छताला लाकडी फासळ्या आणि त्यांच्या दगडी नकला पाहिल्या असतील, तोच प्रकार. माध्यम बदललं तरी हाताला वळण जुनं.

कॅथीड्रल ९०९मध्ये बांधलं. बांधणारे दोघे: ताराचा, म्हणजे आयर्लंडच्या उच्चराजाच्या गादीचा, राजा फ्लान शिन्ना आणि मठाधिपती कोल्मान. आतून सुमारे १९ मीटर लांब. आपल्याला ते काही फार वाटणार नाही, पण त्या काळातलं आयर्लंडमधलं उभं असलेलं सगळ्यात मोठं चर्च हेच. आणि आता खरी गंमत, माझ्या धंद्यातली. पश्चिमेच्या दारासमोर उभे राहा आणि आत पाहा. दार मधोमध नाही. एका बाजूला सरकल्यासारखं दिसतं. सरकलंय दार नाही, भिंत. पुढच्या शतकांत कधीतरी दक्षिणेची भिंत बाद झाली आणि ती पुन्हा बांधताना सुमारे दोन मीटर आत घेतली. पैसे कमी असतील, लांब तुळया मिळत नसतील, किंवा दोन्ही. ते दारही ९०९चं नाही, बाराव्या शतकात रोमनेस्क, म्हणजे अर्धगोल कमानींच्या, पद्धतीचं बसवलेलं. म्हणजे एका जागी उभं राहून दोन दुरुस्त्या दिसतात. गाइड ही गोष्ट सांगेलच असं नाही, म्हणून मी सांगतोय.

मग उत्तरेच्या दाराकडे या. हे पंधराव्या शतकाचं. डीन ओडो, या चर्चचा त्या वेळचा कारभारी पाद्री, याने ते करवून घेतलं आणि लॅटिनमध्ये तसं कोरूनही ठेवलं. सगळं आवार खचत असताना एवढं कोरीव दार करायचा हौशी माणूस. वर तीन संत आहेत: मध्ये पॅट्रिक, दोन बाजूंना फ्रान्सिस आणि डॉमिनिक. फ्रान्सिस आणि डॉमिनिक हे बाहेरून आलेल्या नव्या संन्यासी पंथांचे प्रणेते. जुन्या किअरानच्या घरात नव्या पंथांचे संत दारावर बसलेत आणि किअरान त्या दारावर नाही. मला त्यात त्या काळाचं सगळं राजकारण दिसतं, पण ते माझं मत. मुलांसाठी सांगतो: दाराच्या चौकटीला खोल पन्हाळीसारख्या खाचा आहेत. एका बाजूच्या खाचेत तोंड घालून कुजबुजलात तर दुसऱ्या बाजूला कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू जातं. महारोग्यांनी दूर उभं राहून इथे पापाची कबुली द्यायची, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, रविवारी तिथे रांग लागणार.

या कॅथीड्रलमध्ये राजे पुरलेत. आयर्लंडचा शेवटचा उच्चराजा म्हणून ज्याचं नाव घेतात तो रुअरी ओकॉनर ११९८मध्ये इथे बापाच्या सोबतीला आला. दगड दाखवायला काही उरलेलं नाही, जागा तेवढी सांगतात.

क्रूसाकडे वळू. शास्त्रवचनांचा क्रूस म्हणतात त्याला, कारण अंगभर बायबलमधले प्रसंग कोरलेत. सुमारे चार मीटर उंच, वालुकाश्माचा. हा दगड कोरायला मऊ, म्हणूनच पाऊस-वाऱ्यातही मऊ. हजार वर्षांनी चेहरे विरघळायला लागले, तेव्हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा आणि इथले बाकीचे मूळ क्रूस माहिती केंद्राच्या आतल्या दालनात हलवले आणि बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या. बाहेरचा पाहून "पाहिला" म्हणू नका. आतला पाहा, तिथे उजेड बाजूने टाकलाय, कोरीवकाम उठून दिसतं.

दोनच चौकटी दाखवतो. पूर्वेच्या अंगाला सगळ्यात खाली दोन माणसं समोरासमोर उभी आहेत, मध्ये एक खांब, दोघांचे हात त्याला. किअरान आणि डिअरमिड पहिला खांब रोवताहेत, असं बरेच अभ्यासक मानतात. पण दुसरा अर्थही निघतो: हे फ्लान आणि कोल्मानच, राजा आणि मठाधिपती. दोन्ही अर्थ एकाच वेळी काढता यावेत अशीच कोरणाऱ्याची इच्छा असेल तर? साडेतीनशे वर्षांपूर्वीचा करार आम्ही पुन्हा करतोय, असं फ्लानला सांगायचं होतं. कारण त्याच क्रूसावर लेख आहे, आता पुसट, पण वाचलेला: राजा फ्लानसाठी प्रार्थना करा; ज्याने राजासाठी हा क्रूस केला त्या कोल्मानसाठी प्रार्थना करा.

पश्चिमेच्या अंगाला, तसंच तळाशी, ख्रिस्ताचं थडगं आहे. दोन शिपाई पहाऱ्यावर आहेत, भाले टेकून, माना खाली, सरळ झोपलेत. त्यांच्या खाली शिळा, शिळेखाली कापडात गुंडाळलेला देह. आणि एक पक्षी येऊन त्या देहाच्या तोंडाला चोच लावतोय. श्वास परत देतोय. बायबलमध्ये पक्षी नाही. हे कुणा कोरणाऱ्याच्या किंवा त्याला सांगणाऱ्या भिक्षूच्या डोक्यातलं. पक्षी तळहातात मावेल एवढा आहे, वाकल्याशिवाय दिसत नाही. वाका.

गोल मनोरा लांबूनच दिसेल. ओरुर्कचा मनोरा, ११२४मध्ये पुरा झाला आणि ११३५मध्ये त्याच्यावर वीज पडून टोक उडालं. अकरा वर्षांत! आज तो साधारण १९ मीटर आहे. दार जमिनीपासून बरंच वर आहे, शिडी लावल्याशिवाय चढता येत नाही. लगेच सगळे म्हणतात, हल्ला झाला की वर चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची. पण आत सगळे मजले लाकडाचे. खालून आग लावली तर मनोरा धुराड्यासारखा पेटतो, आणि असे मनोरे आतल्या माणसांसकट जळाल्याच्या नोंदी आयरिश बखरींत आहेत. आयरिश भाषेत याला घंटेचं घर म्हणतात आणि काम मुख्यतः तेच. पाया फार खोल नसतो, त्यामुळे दार खाली ठेवलं तर बुंधा कमजोर होतो. हे कारण मला गवंड्याच्या बुद्धीला जास्त पटतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत काही विद्वान या मनोऱ्यांना अग्निपूजकांचे म्हणायचे, फिनिशियन नावाच्या प्राचीन दर्यावर्दींचे म्हणायचे. चित्रकार-पुराणवस्तुसंशोधक जॉर्ज पेट्रीने ते सगळं मोडीत काढलं आणि हे ख्रिस्ती मठांचे घंटामनोरे आहेत हे सिद्ध केलं.

नदीच्या बाजूला टेंपल फिनीनला दुसरा, लहान मनोरा आहे. तो चर्चच्या अंगालाच जोडलेला, आणि त्याचं दार जमिनीलगत, वेदीच्या भागातून उघडणारं. त्याची शंकूसारखी टोपी शाबूत आहे. दगड तिरपे, माशाच्या काट्यासारखे बसवलेत. हे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम, आणि माझ्या मते सबंध आवारातली सगळ्यात देखणी गवंडीगिरी.

आता त्या पाडापाडीकडे येतो, टाळून चालणार नाही. बखरींवरून एक हिशेब नेहमी सांगतात: व्हायकिंगांचे हल्ले किमान सात, नॉर्मनांचे, म्हणजे बाराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या सरदारांचे, सहा, आणि आयरिश लोकांचे स्वतःचे सत्तावीस. अंक थोडे इकडेतिकडे होतील, प्रमाण बदलत नाही. एवढंच कशाला, ७६४मध्ये क्लॉनमॅकनॉइज आणि डरो या दोन मठांमध्येच लढाई झाली आणि डरोची दोनशे माणसं पडली. मठाची माणसं, मठाविरुद्ध. कारण मठ म्हणजे जमिनी, गुरं, धान्य, सोनं, आणि कुठल्यातरी राजाचा पाठिंबा. त्या राजाला दुखवायचं तर त्याचा मठ जाळा.

दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताचा राजा फेलिमी तर स्वतः धार्मिक वृत्तीचा म्हणून नावाजलेला. त्याने ८३३मध्ये इथली माणसं मारली आणि चर्चच्या दारापर्यंत जाळत आला. पुढे तो ८४७च्या सुमारास मेला, तेव्हा बखरकारांनी लिहिलं की किअरान स्वप्नात आला आणि त्याने आपल्या दंडाने पोटात असा ढोसला की ती दुखणी त्याला घेऊनच गेली. भिक्षूंच्या हातात तलवार नसेल, बखर होती.

व्हायकिंगांबद्दलची एक गोष्ट तिथल्या प्रत्येक फलकाच्या आसपास ऐकाल: टर्गेशियस नावाच्या म्होरक्याची बायको ओटा कॅथीड्रलच्या वेदीवर बसून भविष्य सांगायची. ती गोष्ट ज्या ग्रंथात आहे तो बाराव्या शतकातला, व्हायकिंगांशी लढलेला राजा ब्रायन बोरू याच्या वंशजांच्या कौतुकासाठी लिहिलेला. व्हायकिंग जितके भयंकर, तितका बोरू मोठा. चवीने ऐका, साक्षीला नेऊ नका.

११०६ची नोंद मात्र मला हलवते. माल मुरे नावाचा लेखनिक होता. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या या मठाचं. लग्नं करणारे, पोराबाळांचे धर्मसेवक, त्या काळी चालायचं. संपूर्णपणे आयरिश भाषेत लिहिलेलं, आज हाताशी असलेलं सगळ्यात जुनं हस्तलिखित, तपकिरी गायीचं पुस्तक, त्याच्या नावाशी जोडलेलं आहे. त्यातल्या एका पानावर त्याने नुसती लेखणी चालते का हे पाहायला स्वतःचं नाव लिहून ठेवलंय, जसं आपण नवीन पेन घेतल्यावर सही करून बघतो. त्याच माणसाला लुटारूंनी दगडी चर्चच्या आत मारलं. पुस्तक डब्लिनमध्ये रॉयल आयरिश अकादमीत आहे. ते चर्च, म्हणजे आपण भिंती मोजत उभे राहणार आहोत ते.

चोरीची एक गोष्ट सांगून पुढे जातो. ११२९मध्ये वेदीवरचा खजिना चोरीला गेला. पुढच्या वर्षी चोर सापडला, लिमरिकच्या डेन लोकांपैकी, म्हणजे तिथे वसलेल्या व्हायकिंगांपैकी, आणि त्याला फाशी दिलं. तो म्हणे कॉर्कला गेला, लिस्मोरला, वॉटरफर्डला गेला, परदेशी पळायला जहाज शोधत. पण तो चढेल त्या जहाजाला वारा मिळेना, बाकीची सुटायची. मरताना त्याने सांगितलं: किअरान दंड घेऊन प्रत्येक जहाज अडवताना मला दिसायचा.

(मागून कुणीतरी विचारलं: मग एवढं सगळं सोसून ते संपलं कसं?)

बरोबर, तिथेच येतोय. आगी आणि लुटी यांनी ते संपलं नाही. ११७९मध्ये इथली १०५ घरं जळाल्याची नोंद आहे. याचा अर्थ तोवर इथे जळायला १०५ घरं होती, शहरच होतं. संपवलं रस्त्याने. नॉर्मन आले आणि त्यांनी १२१०मध्ये अ‍ॅथलोनला किल्ला बांधला, शॅनन ओलांडायची जागा तिकडे सरकली. इथेही १२१४चा किल्ला आहे, आज तिरका होऊन कोसळता कोसळता थबकल्यासारखा दिसतो, पण चौक उठला तो उठला. बिशपांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, त्यात क्लॉनमॅकनॉइजच्या वाट्याला एक छोटा, गरीब प्रदेश आला. नवे पंथ, नव्या देणग्या दुसरीकडे वळल्या.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये या जागेबद्दल दिलेली साक्ष उपलब्ध आहे. गावात जेमतेम बारा झोपड्या, माती आणि बोरूगवताच्या. कॅथीड्रलचं छप्पर कोसळलेलं, एकच वेदी, तीही पेंढ्याने शाकारलेली. लक्षात घ्या, ही इंग्रजांच्या लुटीच्या कितीतरी आधीची स्थिती.

ती लूट झाली १५५२मध्ये. अ‍ॅथलोनच्या इंग्रज शिबंदीने सगळं नेलं. बखरीतलं वाक्य प्रसिद्ध आहे: लहान-मोठी एकही घंटा राहिली नाही, मूर्ती नाही, वेदी नाही, पुस्तक नाही, रत्न नाही, खिडकीतली काचसुद्धा नाही. सगळेजण "पाडलं कोणी" चं उत्तर म्हणून हेच वाक्य देतात. पण त्यात छपराचा उल्लेख नाही. आणि माझ्यासारख्याला छप्पर हेच सगळं. छप्पर असेपर्यंत भिंत कोरडी राहते. ते गेलं की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरतं, चुना धुऊन जातो, हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड एकमेकांपासून सुटतात. आयव्हीची वेल मुळं घालते ती वेगळी. एखाद्या सरदाराने तोफ लावून जे होत नाही ते शंभर ओले हिवाळे करतात. १६४७मध्ये कॅथलिक बंडाच्या काळात चार्ल्स कॉगलन नावाच्या धर्माधिकाऱ्याने कॅथीड्रल दुरुस्त केलं आणि तसा दगड बसवला. छोटी चर्चही एखाद-दुसरं घराणं सावरत राहिलं; टेंपल डाउलिंगवर १६८९चा लेख आहे. मग मात्र कुणी उरलं नाही.

म्हणजे उपासनेसाठी फारसं कुणी उरलं नाही. पुरायला लोक येतच राहिले, आणि आता थडग्यांकडे वळू, कारण माझ्या मते या जागेचा खरा ऐवज तोच आहे. पश्चिम युरोपातला सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या थडग्यांच्या शिळांचा सगळ्यात मोठा संग्रह इथे आहे, अखंड आणि तुटक्या मिळून सहाशेच्या वर. आठव्या ते बाराव्या शतकातल्या. या उभ्या करायच्या नव्हत्या, थडग्यावर आडव्या निजवायच्या. मजकूर अगदी तुटक: एक क्रूस आणि आयरिशमध्ये "अमक्यासाठी प्रार्थना". साल नाही, बापजाद्यांची यादी नाही, कौतुक नाही. एका शिळेवर "तुअहल कारागिरासाठी प्रार्थना" एवढंच. कारागीर म्हणजे सुतार की गवंडी हे सांगत नाही. पण राजांच्या दफनभूमीत कामगाराचं नाव धंद्यासकट दगडात आलंय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाने विसरू नये.

दुसरं नाव श्विव्ह्ने. हा विद्वान ८९१मध्ये वारला, त्याच्या नावाची शिळा इथे नोंदली गेली आहे, आणि त्याच्या मृत्यूची दखल थेट इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन बखरीने घेतली: आयरिशांमधला सर्वोत्तम आचार्य गेला. नदीकाठच्या या मठातली बातमी राजा आल्फ्रेडच्या देशात पोचत होती.

टेंपल किअरान चुकवू नका, आणि ते चुकायची शक्यता आहे, कारण ते एखाद्या खोपटाएवढं आहे. आतून जेमतेम चार मीटर बाय तीन. किअरानची समाधी इथे मानतात. आत पाऊल टाकलंत की जमीन खोल गेलेली जाणवेल. शतकानुशतकं शेतकरी इथली चिमूटभर माती नेऊन शेताच्या चार कोपऱ्यांत टाकत, पिकाला आणि गुरांना राखण म्हणून. चिमूट चिमूट करत जमीन खाली गेली, भिंती वाकड्या झाल्या. आता माती न्यायला मनाई आहे. आणि रविवारी आपल्यापैकी कुणी नेली तर मी ओळख दाखवणार नाही. पण दुरुस्तीवाला म्हणून एक कबूल केलं पाहिजे: ज्यांनी भिंतीखालची माती नेली त्यांच्यामुळेच ही भिंत कुणी फोडून गोठ्याला लावली नाही.

दंडविधींच्या, म्हणजे कॅथलिकांवर बंधनं घालणाऱ्या कायद्यांच्या, काळात त्यांना उघड उपासना अवघड झाली, तरी ९ सप्टेंबरला किअरानच्या दिवशी हजारो लोक इथे येत, अनवाणी फेऱ्या घालत, आणि मग दारू आणि मारामाऱ्याही होत. पेट्रीने १८३०च्या दशकात त्या फेरीचं जलरंगचित्र काढलं आणि त्याला नाव दिलं "यात्रेकरूंची शेवटची फेरी". डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे ते. यात्रा काही शेवटची ठरली नाही, आजही सप्टेंबरात लोक येतात. १९७९मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले होते. जुन्या आवाराबाहेर नवी दफनभूमी आहे, ती वापरात आहे. ताजी फुलं दिसली तर तिथे फोटो नकोत.

शेवटचं ठिकाण आवाराबाहेर आहे, पूर्वेला अर्धा किलोमीटर, म्हणून बरेच लोक तिथे जातच नाहीत: जोगिणींचं, म्हणजे नन्सचं, चर्च. ११६७मध्ये ते पुरं केलं डर्व्होर्गिलाने. ही ब्रेफ्नीच्या राजाची राणी. ११५२मध्ये तिला लेन्स्टरच्या राजाने, डर्मट मॅकमरोने, पळवून नेलं. काही म्हणतात ती स्वतःच गेली. वर्षभरात ती परत आली. पुढे मॅकमरोला देशोधडीला लावलं गेलं आणि त्याने इंग्लंडच्या राजाकडून मदत आणली, ती नॉर्मन फौज ११६९मध्ये उतरली. त्यामुळे सातशे वर्षांच्या गुलामीचं खापर आयरिश लोककथांनी या बाईच्या डोक्यावर फोडलं. पळवलं पुरुषाने, फौज आणली पुरुषाने, नाव तिचं. तिने काय केलं हे पाहायचं असेल तर या चर्चची दोन कमानदार दारं पाहा. बाहेरच्या दाराला प्राण्यांची डोकी ओळीने, जबड्यात गोल पट्टी धरून बसलेली. आतल्या कमानीवर नागमोडी आणि चौकटींची दाट नक्षी, आणि त्यातच एक छोटी, पाय फाकलेली बाईची आकृती, शोधावी लागते. पाद्र्यांच्या देखरेखीखाली जोगिणींच्या चर्चमध्ये ती कशी आली यावर विद्वान अजून भांडतात.

हे चर्चही पडलेलंच होतं. कमानीचे दगड गवतात विखुरले होते. १८६५मध्ये किलकेनीच्या पुरातत्त्व मंडळाने ते एकेक करून उचलले, नक्षी जुळवली आणि कमानी पुन्हा उभ्या केल्या. त्या दगडांचे सांधे जवळून पाहा, जुना आणि नवा चुना वेगळा ओळखू येतो. तिकडे जायला जुन्या दफनभूमीतून पूर्वेकडे वाट निघते, दहा मिनिटांची. तिथे तिकीट नाही, गाइड नाही. गवत ओलं असतं, बूट धड घाला.